साठ जणांना एकच मेल

नमस्कार ताई,
मी कन्नड तालुक्यात (जि. छत्रपती संभाजीनगर) एका छोट्या संस्थेचं काम बघते. आमची फिरती प्रयोगशाळा आहे. सूक्ष्मदर्शक, भिंगं, चुंबकं, परीक्षानळ्या असं साहित्य जीपमध्ये घालून आम्ही चौदा जिल्हा परिषद शाळांत जातो आणि सहावी ते आठवीच्या मुलांच्या हातून प्रयोग करून घेतो. दिवाळीनंतर वाळूज आणि शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींतल्या साठेक कंपन्यांना सीएसआर निधीसाठी (कंपन्या समाजकार्यासाठी खर्च करतात तो निधी) मेल पाठवला. उत्तरं दोनच आली, तीही ‘आपला मेल मिळाला’ अशी आपोआप जाणारी. मध्यंतरी एका वेबिनारला बसले. त्यात मन वळवण्याच्या मानसशास्त्राची सहा तत्त्वं सांगितली आणि जोडीला युक्त्या: विषयात ‘रि:’ टाका म्हणजे जुनं बोलणं चालू आहे असं वाटेल, ‘फक्त तीन दिवस शिल्लक’ असं लिहा, आधी भेटवस्तू पाठवा म्हणजे समोरचा मिंधा होतो, मुद्दाम अवाच्या सवा रक्कम मागा आणि मग खाली या. मला ही सगळी लबाडी वाटते. पण सरळ मेलला कुणी विचारत नाही, हेही दिसतंय. काय करावं? मेल सोबत जोडलाय.
– स्मिता (नाव बदललं आहे)

स्मिता,

तुमच्या मेलचं पहिलं वाक्य इथे उतरवते, वाचकांनाही कळू दे. ‘आमची संस्था गेल्या अकरा वर्षांपासून ग्रामीण भागातील वंचित व दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी अविरत कार्यरत असून…’ हे वाक्य पाच ओळी चालतं. ते संपतं तेव्हाही जीप, प्रयोगशाळा, कन्नड यांतलं एक अक्षर आलेलं नसतं. माझी नोकरीची बरीच वर्षं टेबलाच्या पलीकडे बसून असेच मेल वाचण्यात गेली. हे वाक्य वृद्धाश्रमाच्या मेलमध्ये असतं आणि गोशाळेच्याही. ‘विद्यार्थ्यांच्या’ या शब्दाच्या जागी तेवढा दुसरा शब्द येतो. तेव्हा सरळपणा नडला, असं काही मनात घेऊ नका. तुमचं काम त्या मेलमध्ये कुणाला दिसलंच नाही.

आता तो मेल उघडणाऱ्या बाईंचा विचार करू. बाई म्हणतेय, पुरुषही असतील. बऱ्याच कंपन्यांत सीएसआरसाठी वेगळा माणूस नसतो. एचआर किंवा ॲडमिनमधल्या कुणाकडे तरी कॅन्टीन, बस आणि कंत्राटी कामगारांच्या कागदपत्रांबरोबर हेही काम असतं. त्या तुमचा मेल दोन मीटिंगांच्या मधल्या वेळात फोनवर बघणार. आणि मुख्य म्हणजे पैसे देणं त्यांच्या हातात नाही. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे निर्णय होतो तो सीएसआर समितीच्या शिफारशीने आणि संचालक मंडळाच्या मंजुरीने. वर्षाची सीएसआरची रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर समिती नेमायचंही बंधन नाही, मंडळच सगळं बघतं. म्हणजे या बाईंना तुमचं म्हणणं पटलं, तरी ते घेऊन त्यांना वर जावं लागणार. तिथे ‘ही कोण संस्था? आपल्याला कशाला? किती? कागदपत्रं आहेत का?’ हे त्यांना विचारलं जाणार, आणि तेव्हा तुम्ही तिथे नसणार.

वेबिनारवाले हे सांगत नाहीत. त्यांच्या डोळ्यांसमोर दुकानातलं गिऱ्हाईक असतं, स्वतःच्या खिशातून पैसे काढणारं. तुमची वाचक मात्र तुमची वकील होणार आहे. त्यामुळे कुठलंही तत्त्व वापरताना मी एकच गोष्ट तपासून बघेन: हे वाक्य त्या आपल्या साहेबांना जसंच्या तसं फॉरवर्ड करू शकतील का?

या कसोटीवर तुमच्या अर्ध्या शंका आपोआप मिटतात. ‘रि:’ घातलेला मेल आला की बाई आधीचं बोलणं शोधतील. ते सापडणार नाही. तुमच्याबद्दल त्यांना कळलेली पहिली गोष्ट ही, की तुम्ही थाप मारता; आणि मागताय काय, तर विश्वासाने पैसे. ‘फक्त तीन दिवस शिल्लक’ त्यांनी वर पाठवलं, तर साहेब विचारणार, ‘नंतर काय होणार आहे?’ बाईंकडे उत्तर नाही. शोभा त्यांची होणार. भेटवस्तूचं तर नावच काढू नका. अनेक कंपन्यांत भेटी घेण्यावर नियम असतात. तुमचा हाताने रंगवलेल्या पणत्यांचा खोका त्यांना परत तरी पाठवावा लागेल, नाहीतर वर कळवावा तरी लागेल. मदत करायच्या आधीच बिचाऱ्यांच्या मागे एक काम.

आणि मुद्दाम मोठी रक्कम मागून खाली येणं. हा प्रयोग खरा आहे. १९७५ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला होता. बालगुन्हेगार मुलांना एकदा प्राणिसंग्रहालयात घेऊन जाल का, असं थेट विचारलं तर १७ टक्के लोक तयार झाले. आधी ‘दोन वर्षं दर आठवड्याला दोन तास द्याल का’ असं विचारून, नकार घेऊन, मग हीच लहान विनंती केली तेव्हा ५० टक्के तयार झाले. पण तिथे माणूस समोर उभा होता आणि दुसरी विनंती लगेच, त्याच तोंडाने आली. दोन मागण्यांमध्ये वेळ गेला की हा परिणाम ओसरतो. मेलवर तुम्ही पंचवीस लाख मागाल, बाई मेल बंद करतील, आणि तुमची खाली यायची पाळी येणारच नाही.

सहा तत्त्वं म्हणजे या चाल्डिनींनीच १९८४ साली मांडलेली: परतफेड, दिल्या शब्दाशी सुसंगती, इतरांचा दाखला, अधिकार, जवळीक आणि दुर्मिळता. २०१६ मध्ये त्यांनी सातवं जोडलं, आपलेपणा. यांतलं प्रत्येक तत्त्व तुमच्याकडे असलेल्या एखाद्या खऱ्या गोष्टीकडे बोट दाखवतं. ती गोष्ट असेल तर तत्त्व वापरा. नसेल तर ते तत्त्व या वेळेपुरतं आपलं नाही म्हणून सोडून द्या. सहाच्या सहा एका मेलमध्ये कोंबायची सक्ती नाही, आणि कोंबलेला मेल वाचणाऱ्याला लगेच कळतो.

आधी साठचा आकडा खाली आणा. सीएसआरचं बंधन सगळ्या कंपन्यांना नसतं. आधीच्या आर्थिक वर्षात नक्त मूल्य (नेट वर्थ) ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक तरी रेषा गाठलेल्या कंपनीलाच ते लागू होतं. मग आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के तिला खर्च करावे लागतात. तुमच्या यादीतले बरेच लघुउद्योग या रेषांच्या कितीतरी खाली असतील. त्यांनी उत्तर दिलं नाही यात त्यांचं काय चुकलं?

उरलेल्यांच्या वेबसाइट उघडा. वेबसाइट असेल तर सीएसआर समितीत कोण आहे, धोरण काय आणि मंजूर प्रकल्प कोणते, हे तिथे देणं नियमाने बंधनकारक आहे. त्यात शिक्षण शोधा, तुमच्या जिल्ह्याचं नाव शोधा. कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, असं कायदाच सांगतो. इतकं चाळून आठ-दहा कंपन्या उरल्या, तरी खूप झाल्या.

सुसंगतीचं तत्त्व म्हणतात ते इथे लागू पडतं. माणूस, आणि कंपनीही, आपण आधी जे केलं त्याच्याशी जुळणारी गोष्ट सहज करते. एखाद्या कंपनीने गेल्या वर्षी गंगापूर तालुक्यातल्या शाळांना संगणक दिले असतील, तर तुमचं पहिलं वाक्य तेच. ‘तुम्ही शाळांना संगणक दिल्याचं वाचलं, म्हणून लिहिते आहे.’ यात खुशामत नाही, आणि बाईंनाही वर सांगता येतं, ‘आपल्याच मागच्या कामाला धरून आहे.’ हे वाक्य साठ जणांना एकदम पाठवता येत नाही, म्हणूनच त्याला वजन आहे. बीसीसीमध्ये साठ पत्ते घालून ‘आदरणीय महोदय/महोदया’ लिहिलेला मेल वाचणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं, की आपण उत्तर दिलं नाही तर बाकीचे एकोणसाठ आहेत.

आता ‘कारण’ या गोष्टीकडे जरा सावकाश येते, कारण वेबिनारमध्ये हा प्रयोग तुम्हाला नक्की अर्धाच सांगितला असेल. १९७८ साली एलेन लँगर आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये झेरॉक्सच्या रांगेत तो केला. पाच पानांसाठी ‘मला आधी मशीन वापरू द्याल का?’ असं नुसतं विचारलं तर ६० टक्के लोकांनी पुढे जाऊ दिलं. ‘मला घाई आहे म्हणून’ असं खरं कारण दिलं तर ९४ टक्के. आणि ‘मला झेरॉक्स काढायच्या आहेत म्हणून’ असं काहीच न सांगणारं कारण दिलं, तरी ९३ टक्के! इथे प्रशिक्षक थांबतात आणि म्हणतात, बघा, नुसतं ‘म्हणून’ आलं की काम होतं. पण प्रयोग इथे थांबला नव्हता. पाचाऐवजी वीस पानं होती, तेव्हा नुसत्या विनंतीला २४ टक्के तयार झाले, पोकळ कारणालाही तेवढेच २४, आणि खऱ्या कारणाला ४२. मागणी लहान असते तोवर लोक ऐकल्यासारखं करून हो म्हणतात. मागणी मोठी झाली की ते कान देऊन ऐकतात, आणि मग पोकळ कारणाचा काडीचा उपयोग होत नाही. तुमची मागणी वीस पानांची आहे.

तुमच्या मेलमधलं कारण काय? ‘निधीअभावी कार्य विस्तारण्यात अडचणी येत आहेत.’ झेरॉक्स काढायच्या आहेत म्हणून झेरॉक्स! खरं कारण मेलला जोडलेल्या तुमच्या पीडीएफमध्ये सतराव्या पानावर सापडलं: सहा शाळांचा खर्च उचलणाऱ्या देणगीदारांचा तीन वर्षांचा करार येत्या मार्चअखेर संपतोय आणि जूनपासून त्या सहा शाळांत जीप जाणार नाही. हे वाचल्यावर मला तारीख कळली, आकडा कळला, काय थांबणार ते कळलं. दुर्मिळतेचं तत्त्व शोधत तुम्ही वेबिनारला गेलात आणि ते तुमच्याच कपाटात पडून होतं. तीन दिवसांची खोटी मुदत घालायची काय गरज?

मार्चअखेरला कंपनीच्या बाजूनेही अर्थ आहे. वर्षाची रक्कम खर्च झाली नाही आणि ती चालू प्रकल्पासाठी राखलेली नसेल, तर वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत ती कायद्याच्या परिशिष्ट ७ मधल्या निधीत, उदाहरणार्थ पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीत, भरावी लागते. त्यामुळे जानेवारीपासून काही कंपन्या उरलेले पैसे कुठे लावायचे ते शोधत असतात. पण त्या धावपळीत मिळतं ते एकरकमी, वस्तूंच्या रूपात. चार सूक्ष्मदर्शक वगैरे. वर्षभर जीप चालवायचे पैसे हवे असतील तर कंपनीच्या वार्षिक कृती आराखड्यात नाव लागावं लागतं, आणि तो आराखडा कधी करता, हे सरळ फोन करून विचारावं. हा प्रश्न कुणाला खटकत नाही.

तुमच्या मेलमधली एक ओळ मात्र आजच काढून टाका: ‘आजवर अनेक कंपन्यांकडे विनंती करूनही प्रतिसाद मिळालेला नाही.’ तुमची व्यथा समजते. पण इतरांचा दाखला हे तत्त्व उलटंही चालतं. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये पेट्रिफाइड फॉरेस्ट नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. तिथले दगड झालेल्या लाकडाचे तुकडे पर्यटक खिशात घालून नेत. चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी तिथे वेगवेगळ्या पाट्या लावून पाहिल्या. आधी आलेल्या अनेकांनी तुकडे नेल्यामुळे जंगल बदलून गेलं, अशी पाटी होती तिथे खुणा करून ठेवलेल्या तुकड्यांपैकी जवळपास ८ टक्के चोरीला गेले. ‘कृपया तुकडे नेऊ नका’ एवढीच पाटी होती तिथे २ टक्क्यांहूनही कमी. चोरीची तक्रार करणाऱ्या पाटीने ‘सगळेच नेतात’ ही बातमीही दिली. तुमची ओळ बाईंना हेच सांगते, की या संस्थेला सगळ्यांनी नाही म्हटलंय, मीही म्हटलं तर बिघडत नाही.

दाखला द्यायचाच तर बाईंच्या जवळचा द्या. मागच्या देणगीदारांनी तीन वर्षं पैसे दिले, हा केवढा मोठा दाखला! तो तुम्ही मंत्रिमहोदयांसोबतच्या फोटोखाली गाडून टाकलाय. फोटो काढा. कंपनीच्या बाईंसाठी अधिकाराचा पुरावा म्हणजे संस्थेच्या सीएसआर-१ नोंदणीचा क्रमांक (१ एप्रिल २०२१ पासून तो नसलेल्या संस्थेमार्फत कंपनीला सीएसआर राबवता येत नाही), प्राप्तिकर सवलतीच्या १२-अ आणि ८०-जी नोंदण्या, लेखापरीक्षण झालेले हिशेब, आणि एखाद्या मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र. तुमच्याकडे हे सगळं आहे. ते चौदा एमबीच्या पीडीएफच्या शेवटी आहे, आणि तिथवर कुणी पोचलेलं नाही.

आपलेपणाबद्दल एवढंच, की वाळूजच्या कारखान्यांत कन्नडकडची माणसं कामाला असणारच. तुमच्या चौदा गावांतला कुणी तिथे असेल तर त्याला गाठा. त्याने कंपनीत नुसतं सांगितलं, की ‘आमच्या गावच्या शाळेत ही जीप येते,’ तरी खूप. मात्र ‘तुमच्या कामगारांच्या मुलांसाठी’ अशी मांडणी करू नका. फक्त कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांना लाभ होईल असा खर्च सीएसआरमध्ये धरत नाहीत. बाईंना नसती अडचण व्हायची.

आता गोष्ट. नवव्या पानावर एक मुलगा आहे. कपाशीच्या पानावरचा मावा त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, आणि पुढच्या फेरीला त्याचे वडील बोंडअळी लागलेलं बोंड घेऊन शाळेच्या दारात उभे होते, ‘हेही दाखवा’ म्हणून. स्मिता, हे नवव्या पानावर कशाला? पहिल्या पानावर मात्र तालुक्याची साक्षरता, गळतीचं प्रमाण आणि विद्यार्थी-शिक्षक गुणोत्तर. २००७ मध्ये स्मॉल, लोवेनस्टीन आणि स्लोविक या संशोधकांनी लोकांना पाच डॉलर देऊन त्यातून दान मागितलं होतं. मालीमधल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीबद्दल वाचलेल्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले, दुष्काळाची आकडेवारी वाचलेल्यांनी १.१४. आणि रोकियाच्या जोडीला आकडेवारीही वाचलेल्यांनी १.४३. आकड्यांनी गोष्टीला बळ मिळेल असं आपल्याला वाटतं. तिथे ती पातळ झाली. पण तुमच्या बाईंना आकडेही लागणार आहेत, वरच्यांसाठी. म्हणून गोष्ट मेलमध्ये आणि आकडे एका पानाच्या जोडपत्रात. मुलाचं नाव आणि फोटो नको. त्याच्या घरच्यांना विचारलेलं नाही, आणि त्याशिवाय काही अडतही नाही. गरिबीचं वर्णन नको. मावा आणि बोंड पुरेत.

सगळ्यात मोठा बदल मागण्यात करा. या मेलमध्ये पैसे मागू नका. २०१७ मध्ये रोघानिझाद आणि बोन्स यांनी एक प्रयोग केला. लोकांना अनोळखी माणसांकडून एक प्रश्नावली भरून घ्यायला सांगितली, काहींना समोर जाऊन, काहींना मेलने, मजकूर तोच. समोरासमोर विचारणं चौतीसपट परिणामकारक ठरलं. गंमत अशी, की मेल पाठवणाऱ्यांना आधी असा काही फरक पडेल असं वाटलंच नव्हतं. आपण किती भरवशाचे आहोत हे आपल्याला माहीत असतं, मेल उघडणाऱ्याला नसतं. तेव्हा मेलचं काम एवढंच, की बाईंनी एकदा जीपपाशी येऊन उभं राहावं. पुढचं ती मुलं बघून घेतील. शिवाय लहान होकारामागून मोठा होकार येण्याची शक्यता वाढते, हे १९६६ पासून माहीत आहे. कॅलिफोर्नियात फ्रीडमन आणि फ्रेझर यांनी लोकांना घरापुढे ‘जपून चालवा’चा भलामोठा, ओबडधोबड फलक लावू द्याल का असं विचारलं. थेट विचारल्यावर १७ टक्के तयार झाले. आधी त्याच विषयाची छोटीशी पाटी खिडकीत लावायला सांगितलेल्यांपैकी ७६ टक्के.

मी लिहिला असता तो मेल खाली देते. तपशील तुमच्याच पीडीएफमधले आहेत, संगणकांची ओळ तेवढी प्रत्येक कंपनीप्रमाणे बदला.

विषय: कन्नडच्या शाळांतली फिरती प्रयोगशाळा: एकदा बघायला याल का?

नमस्कार मॅडम,
तुमच्या कंपनीने गेल्या वर्षी गंगापूर तालुक्यातल्या शाळांना संगणक दिल्याचं वेबसाइटवर वाचलं, म्हणून लिहिते आहे.
आम्ही जीपमधून प्रयोगशाळा घेऊन कन्नड तालुक्यातल्या चौदा जि. प. शाळांत जातो. मागच्या महिन्यात सातवीतल्या एका मुलाने शेतातलं कपाशीचं पान आणून त्यावरचा मावा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. पुढच्या फेरीला त्याचे वडील बोंडअळीचं बोंड घेऊन आले.
यातल्या सहा शाळांचा खर्च उचलणाऱ्या देणगीदारांचा तीन वर्षांचा करार या मार्चअखेर पूर्ण होतोय. जूनपासून त्या शाळांसाठी आम्ही नवा सहकारी शोधतो आहोत. एका शाळेचा वर्षाचा खर्च २६,००० रुपये, सहा शाळांचा १,५६,०००.
पैशांचं बोलण्याआधी तुम्ही एकदा काम बघावं, एवढीच आत्ता विनंती आहे. जीप दर बुधवारी आणि शुक्रवारी निघते. शाळेत अर्धा तास पुरे. यायचं की नाही ते अर्थात तुमच्या सोयीवर. जमण्यासारखं नसेल तर एका ओळीत तसं कळवलंत तरी चालेल.
सीएसआर-१ क्रमांक, ८०-जी आणि खर्चाचा तपशील सोबतच्या एका पानात आहे.
– नाव, मोबाइल

‘तुमच्या सोयीवर’ हे मी सभ्यपणा म्हणून घातलेलं नाही. गेगाँ आणि पास्काल या फ्रेंच संशोधकांनी २००० साली रस्त्यावर अनोळखी लोकांकडे बसभाड्याचे पैसे मागून पाहिले. नुसतं मागितलं तर १० टक्के लोकांनी दिले. ‘द्यायचे की नाही ते तुमच्यावर आहे’ एवढं जोडल्यावर ४७.५ टक्क्यांनी. माणसाला कोपऱ्यात गाठलं की तो आधी सुटायचं बघतो. दार उघडं आहे असं दिसलं तर बसून ऐकतो.

आता तुम्ही म्हणाल, हेही कसबच झालं. लबाडी आणि यात फरक काय? माझ्यापुरता फरक असा: हा सगळा सल्ला तुम्ही त्या बाईंच्या हातात दिलात, तरी मेल टिकतो. कुठलं वाक्य का घातलंय ते कळल्यावर त्या हसतील फार तर. ‘रि:’चं गुपित त्यांना सांगून बघा बरं.

भाषेचं विचाराल तर ज्या भाषेत त्यांचं ऑफिस चालतं त्या भाषेत लिहा. बऱ्याच ठिकाणी ती इंग्रजी असेल आणि साहेब मराठी नसतील. इंग्रजीत लिहितानाही क्रम हाच ठेवा. ‘सर्वांगीण विकास’ इंग्रजीतही कुणी वाचत नाही.

आठ-दहा दिवस उत्तर आलं नाही तर त्याच मेलखाली एक छोटा मेल टाका. ‘आधीचा मेल पाहिलात का?’ असं विचारू नका, त्यात ओशाळवाणं वाटायला लावणं आहे. काहीतरी नवीन द्या: मुख्याध्यापकांच्या पत्रातली एक ओळ, किंवा चौदा शाळांत विज्ञानाचं कोणतं साहित्य आहे आणि कोणतं नाही याचा तुम्ही केलेला तक्ता. तो तक्ता ‘तुमच्या दुसऱ्या कुठल्या प्रकल्पाला उपयोगी पडला तरी वापरा’ असं म्हणून पाठवा. परतफेडीचं तत्त्व हवंच होतं ना, त्याची खरी भेट ही. आणि ती घ्यायला कुणाला परवानगी लागत नाही. त्यानंतर एक फोन. मग पुढच्या कंपनीकडे वळा, या कंपनीला पुढच्या वर्षी पुन्हा विचारता येईल. ‘नाही’ असं स्पष्ट उत्तर आलं तर आभार मानून ‘तुमचा पुढच्या वर्षाचा आराखडा कधी होतो?’ एवढं विचारून घ्या. नकार दिलेल्या माणसाला असा छोटा प्रश्न टाळावासा वाटत नाही.

मेल मंगळवारी सकाळी दहालाच पाठवावा का, असं तळटीपेत विचारलंय. त्यावर डोकं शिणवू नका. पहिला मेल आधी स्वतःलाच पाठवा आणि फोनवर उघडा. स्क्रीन न सरकवता कन्नड, जीप आणि मावा दिसत असतील तर पाठवून द्या. दिसत नसतील तर वरचं आणखी कापा.